पोटखराबा

११ जून २०००

परवा चंद्रभागेचं वर्षश्राद्ध झालं. आज तलाठ्याकडून सातबारा घेऊन आलो. तिच्या माहेरचा माळ आता माझ्या आणि मुलीच्या, प्रतिभाच्या, नावावर चढला आहे. पुढे एकच शब्द लिहिलाय: पोटखराबा. म्हणजे जिच्यात काही पिकत नाही अशी जमीन. सासरे गेल्यावर पाण्याखालचा मळा ठेवला मेहुण्याने, म्हणजे गोटीरामने, आणि बहिणीच्या वाट्याला सिन्नरच्या बाजूचा हा दगडगोट्यांचा माळ ढकलला. तिने चकार शब्द काढला नाही. मी चिडलो तर नुसती हसली. ते हसणं मला अजून सलतं.

दर दिवाळीला माहेरी गेलो की ती माळावर जाऊन बसायची. मी खाली डांबरी रस्त्यावर स्कूटरपाशी पेपर वाचत थांबायचो. एकदा विचारलं, काय असतं गं तिथे? म्हणाली, "काही नाही. बसते जरा." काहीच नाही, म्हणून तर मला आता तिथे काहीतरी करायचं आहे.

मी आयुष्यभर ओझरच्या कारखान्यात विमानाचे भाग तपासले. चांगलं कोणतं आणि टाकाऊ कोणतं हे मला कुणी शिकवायला नको. या खराब्याचं मी वन करणार. चंद्रभागा वन. गोटीरामने तोंडात बोटं घातली पाहिजेत. घरात आता बोलायला कुणी नाही, म्हणून जे घडेल ते इथे लिहीन.

१८ जून २०००

गोटीरामला सांगून आलो. तो कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होता. उद्याच्या नाशिकच्या बाजाराची घाई. मान वर न करता म्हणाला, "दाजी, माळाला हात नका लावू."

"का?"

"आक्काचा माळ हाय तो."

"तिचा आहे म्हणूनच लावणार."

मग तो पुन्हा जुड्या बांधायला लागला. दुसरं काय करेल. माळाच्या मधोमध दगडांचा बांध आहे, अलीकडचा अर्धा माझा, पलीकडचा त्याचा. दोन्हीकडचं गवत आजवर त्याच्याच गाईंच्या पोटात गेलं. फुकटची वैरण जाणार याचं दुःख कुणाला होणार नाही?

१५ जुलै २०००

खड्डे सुरू झाले. चांगुणाची टोळी लावली आहे. खुरपणीत या बायकांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नाही, म्हणून गोटीरामच काय, सगळे बागायतदार त्यांना बोलावतात. या गावात मी सगळ्यांचाच दाजी, त्यामुळे चांगुणाही मला दाजी म्हणते आणि वर चेष्टाही करते. मी दोरी आणि ओळंबा घेऊन ओळी आखताना पाहून म्हणाली, "दाजी, इमान उतरवायचं हाय का काय माळावर?"

एका ओळीत टिटवीची अंडी निघाली. चांगुणा म्हणाली खड्डा थोडा सरकवू. मी म्हटलं, ओळ म्हणजे ओळ. अंडी उचलून बांधाशी नीट ठेवली. पक्ष्याला दिसायला पाहिजेत. टिटवी मात्र दिवसभर डोक्यावर किंचाळत राहिली. पँटला कुसळं इतकी चिकटली की घरी येऊन ती काढण्यात संध्याकाळ गेली. हे गवत एकदा संपलं की बरं.

प्रतिभाचा पुण्याहून फोन. ती वनस्पतिशास्त्र शिकते आहे, मला वाटलं खूश होईल. म्हणाली, "आप्पा, तिथे झाडं नव्हती याला काहीतरी कारण असेल."

मी म्हटलं, "आहे ना. तुझा मामा."

२ डिसेंबर २०००

तारेचं कुंपण पूर्ण झालं. फाटकावर पाटी लावली: चंद्रभागा वन. पिवळ्यावर हिरवी अक्षरं. सरपंचांनी नारळ फोडला, वर्तमानपत्रात फोटो आला, माझ्या नावात चूक आहे पण तिचं बरोबर छापलंय.

नाथा धनगर मेंढरं घेऊन आला होता. दरवर्षी दिवाळीनंतर दोन-तीन दिवस माळावर बसवतो आणि पुढे जातो. कुंपण पाहून तसाच उभा राहिला. म्हणाला, "बाईंनी कधी नाय म्हटलं नाय." मी म्हटलं, बाई आता नाहीत. तो निघून गेला. मेंढरं रस्त्याने जाताना तारेतून तोंड घालून गवताचे शेंडे ओढत होती. मला उगीचच वाईट वाटलं. पण रोपं जगवायची तर मन घट्ट केलं पाहिजे.

९ मे २००१

वड, पिंपळ, आंबा, चिंच सगळं वाळलं. एवढं ऊन मी या भागात पाहिलं नव्हतं. खाली मुरूम, त्याखाली खडक, मुळं जाणार कुठे? टँकरने पाणी घातलं ते वाफ होऊन गेलं. गोटीराम बांधापलीकडून बघत होता, बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. भांडायला मिळालं असतं.

रोपवाटिकेतला माणूस म्हणतो सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावा, खडकावरसुद्धा येतात. लावतो. वडाखाली सावलीत तिचं नाव असावं असं माझ्या मनात होतं. ते आता सुबाभळीखाली असेल.

२० ऑगस्ट २००१

सुबाभळीने जीव धरला. चांगुणाच्या बायकांनी प्रत्येक रोपाभोवतीचं गवत असं काढलंय की जमीन सारवल्यासारखी दिसते. गेल्या वर्षी टिटव्यांनी डोकं उठवलं होतं. यंदा एकही नाही. कानांची सुटका झाली.

२७ ऑक्टोबर २००२

पावसाने यंदा जुलैभर तोंड दाखवलं नाही. मग एकदम धो-धो आला आणि निघून गेला. प्रतिभा चार दिवस आली आहे. तिने आता संशोधनाला गवताळ जमीन हाच विषय घेतला आहे. जगात दुसरं काही उरलं नव्हतं.

सकाळी तिच्याबरोबर माळावर गेलो. खिळे ठोकून, दोऱ्या बांधून तिने चौकोन आखले, काही मामाच्या बाजूला, काही आपल्या. दिवसभर गुडघ्यांवर बसून गवत मोजत होती. मग म्हणाली, "आप्पा, मामाकडे एका चौकोनात दहा-बारा जातींचं गवत आहे. एक लवकरच्या पावसावर येतं, एक उशिराच्या. एकाला ऊन सोसतं, एकाला पाण्याचा ताण. पाऊस कसाही आला तरी त्यातलं कुणीतरी उभं राहतं. आपल्याकडे दोनच जाती उरल्यात. ती दोन गेली की संपलं."

मी म्हटलं, "आपल्याकडे झाडं आहेत."

"हा माळ आहे आप्पा. झाडं आपण आणली."

"तुझ्या आईच्या नावाने आणली."

"आईने इथे कधी एक तरी झाड लावलं का?"

मी पाटीपाशी जाऊन उभा राहिलो. स्वतःच्या आईचं वन जिला खुपतं तिच्याशी काय बोलायचं? जेवताना दोघांनी फक्त मीठ दे, पाणी दे एवढंच बोलणं केलं. रात्री तिने माझ्या पँटची कुसळं काढून ठेवलेली दिसली. मामाच्या बाजूला फिरताना चिकटली असणार.

१४ एप्रिल २००३

सगळीकडे दुष्काळ. गोटीराम गेल्या महिन्यात आपण होऊन माझ्याकडे आला होता, गंगापूर रोडच्या फ्लॅटवर. गेल्या तीन वर्षांत पहिल्यांदा. चपला बाहेर काढून दाराशीच बसला. त्याच्या बाजूचं गवत त्याने कापून रचून ठेवलं होतं, ते शिमग्याला संपलं. म्हणाला, "दाजी, पूर्वी दोन्ही माळ मिळून जेमतेम पुरायचं. तुमच्याकडं कापन्यासारखं काय असलं तर बघा."

काही नव्हतं. सुबाभळीचा पाला ने म्हटलं. त्याने नेला, पण नुसत्या पाल्यावर गाईंच्या मानेचे केस गळायला लागले म्हणून बंद केला. एवढ्याशा पाल्याने काय होणार, सवय नसेल. त्या दिवशी जाताना म्हणाला, "आक्का असती तर..." आणि वाक्य सोडून दिलं. माणसं वाक्यं अर्धी का सोडतात? पूर्ण टोमणा मारावा, उत्तर देता येतं.

२ जून २००३

गोटीरामने गाई विकल्या. चारही. भागुबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्यांच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. मला हे चांगुणाने सांगितलं, मी विचारलं नव्हतं. त्यांतली एक चंद्रभागेला आंदण म्हणून मिळालेल्या, पण शहरात कुठे ठेवायची म्हणून माहेरीच सोडलेल्या गाईच्या वंशातली होती, तेही चांगुणानेच सांगितलं.

दुष्काळात अख्खा तालुका गाई विकतोय. त्याचं पाप माझ्या कुंपणावर टाकायचं कारण नाही.

२० जुलै २००३

नाशकात सिंहस्थाच्या तयारीची गर्दी, बस मिळायला मारामार. तरी माळावर जाऊन आलो. आठ दिवसांपूर्वी पाऊस झाला. गोटीरामची बाजू हिरवीगार झालीय. एवढ्या दुष्काळानंतर, कुणी एक बी टाकलं नाही, पाणी घातलं नाही, तरी. मी बांधावर उभा राहून बराच वेळ बघत होतो. राग कशाचा आला ते कळेना.

माझ्याकडेही हिरवं झालंय, झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत. मऊ, कातरल्यासारखी पानं. म्हणजे आपलीही जमीन काही अगदी मेलेली नाही. प्रतिभाला फोनवर सांगितलं तर तिने विचारलं, पानं गाजरासारखी आहेत का? हो म्हटलं.

गाजरगवत आहे म्हणे. असेना. गवतच ना? तिला तर गवत हवं होतं.

३० ऑक्टोबर २००३

खोकला जात नाही. डॉक्टर म्हणतात गाजरगवताच्या फुलोऱ्याची ॲलर्जी. पांढऱ्या फुलांनी सगळं वन भरलंय, लांबून चांदणं पडल्यासारखं दिसतं. जनावर त्याला तोंड लावत नाही. नाथाची मेंढरं यंदा या रस्त्याने आलीच नाहीत.

५ मे २००४

प्रतिभाने गेल्या पावसाळ्यापासून नवीन खूळ काढलं आहे. दोन्ही बाजूंच्या उरल्यासुरल्या गवतावर पारदर्शक पत्र्याची, वरून उघडी खोकी लावली आहेत. आतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी गरम राहते. पुढे हवामान असंच तापत जाणार, तेव्हा गवताचं काय होईल ते आत्ता बघायचं. मी म्हटलं, सिन्नरचा उन्हाळा कमी पडला म्हणून अजून तापवतेस? ती हसली. हसताना अगदी आईसारखी दिसते.

आज तिने निकाल सांगितला. मामाच्या बाजूच्या खोक्यांत काही जाती होरपळल्या, पण बाकीच्यांनी त्यांची जागा घेतली, जमीन झाकलेली राहिली. माझ्या बाजूच्या खोक्यांत नुसती भेगाळलेली माती आहे. "एकट्या उन्हाने मरत नाही हे गवत आप्पा. आधी आपण त्याची माणसं कमी करतो, मग ऊन येतं."

मी तिचं खोक्यातलं थर्मामीटर घरी आणलं. बर्फात बुडवलं, उकळत्या पाण्यात धरलं, जुन्या सवयीने. बरोबर निघालं. बरोबर निघाल्याचं आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं.

१६ नोव्हेंबर २००४

आज गोटीरामशी भांडण झालं. तो त्याचा माळ फोडणार आहे. यंत्र लावून खडक काढायचा, तळ्यातली माती आणून टाकायची, ठिबक करून टोमॅटो. मला ते चांगुणाकडून कळलं म्हणून मी थेट मळ्यावर गेलो. तो शेवंतीला पाणी देत होता.

मी म्हटलं, "असा कसा फोडतोस? पोरीचं काम चाललंय तिथे."

"गाई नायत आता. गवत काय मी चाटू?"

हे मला झोंबलं. मग माझ्याही तोंडाला आवर राहिला नाही. म्हटलं, "बहिणीला खराबा देऊन मोकळा झालास. आता आपला खराबा तेवढा सुधारून घेतोस."

त्याने बारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडलं, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. शांतपणे बोलला. ओरडला असता तर मी ऐकलं नसतं.

"दाजी, ही शेवंती हाय ना, हा विहिरीवरला तुकडा मी आक्काला देत व्हतो. कागद करायला तयार व्हतो. ती म्हनली, नको, मला माळ दे. मी म्हनलो, येडी का काय तू, त्या खराब्याचं काय करशील? तर म्हनली, मळ्याला तू हायस. माळाला कोन हाय? तुज्या हाती सगळा राहिला तर एक दिस नांगर घालशील. अर्दा माज्या नावावर असू दे, म्हंजे तुला लाज वाटंल."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुमी कधी माळावर आलाच नाय. आन आक्का गेल्यावर आला ते टिकाव घिऊन आला. लाज वाटायला लावणारं मानूसच ऱ्हायलं नाय, तर आता मी तरी कशाला थांबू?"

भागुबाईने चहा आणून ठेवला. कुणी घेतला नाही.

१७ नोव्हेंबर २००४

काल बसमध्ये आणि आज दिवसभर एकच डोक्यात घोळतंय. ती गोटीरामला एवढं सगळं बोलली आणि मला म्हणाली, काही नाही, बसते जरा. मला सांगावंसं का वाटलं नाही? मी कुठल्या वेळी काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत आहे. तिलाही माहीत असणार.

तिच्यावर रागावायला बसलो आणि रडू आलं.

२३ मार्च २००५

सुबाभळी तोडायला काढल्या. गावाला करमणूक झाली. पारावरून कुणीतरी म्हणालं, दाजींनी नारळ फोडून लावली, आता काय फोडून तोडणार? पाटी मी स्वतः उतरवली. सुबाभूळ मोठी बेरकी, तोडली की बुंध्यातून दहा फुटवे. पुन्हा पुन्हा छाटायची. जी गोष्ट जगावी म्हणून टँकर लावले, ती मरावी म्हणून आता माणसं लावतोय.

प्रतिभाला फोन केला. झाडं तोडतोय, एवढंच सांगितलं. ती लगेच निघाली. रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी थेट माळावर आली, हातात अजून प्रवासाची पिशवी. तिने माझ्या हातातला कोयता काढून घेतला आणि स्वतः छाटायला लागली.

१९ जून २००५

गोटीरामने पावसाआधी यंत्र आणलं. दोन दिवसांत त्याचा माळ उलटापालटा झाला. त्याच्याआधी प्रतिभाने आणि मी मिळून पवन्याचे आणि मारवेलाचे ठोंब मातीसकट खणून घेतले. हेच इथलं खरं गवत, ती म्हणते, आणि आजूबाजूला आता दुसरीकडे कुठे ते राहिलेलं नाही. गोटीरामने यंत्रवाल्याला अर्धा दिवस थांबवून धरलं. "घ्या काय घ्यायचं ते," म्हणाला आणि तिकडे पाठ करून बसला. मला वाटतं त्यालाही बघवत नव्हतं.

ठोंब आमच्या वरच्या कोपऱ्यात लावले. प्रतिभाने भोवती दोऱ्या बांधल्या. म्हणाली, "यांनी एकदा नीट बी धरलं ना, की बाकीचं वारा करेल. पण पहिलं बी महत्त्वाचं. तोवर गाजरगवत यांच्यावर येऊ द्यायचं नाही."

"किती दिवस लागतील?"

"या उन्हात सांगता येत नाही आप्पा. एक पावसाळा, दोन. कदाचित नाहीच."

पूर्वी असं उत्तर दिलं असतं तर मी भडकलो असतो.

१२ ऑगस्ट २००६

गेला उन्हाळा ठोंबांनी कसाबसा काढला. अर्धेअधिक गेले. उरलेले मात्र यंदाच्या पावसावर असे उठले की गुडघ्याला लागतात. मी आज त्यांच्याशेजारी बसलो. काही काम नव्हतं. वारा आला की सगळं एका बाजूला कलतं आणि परत येतं, बघता बघता दुपार झाली. लाव्याची जोडी पायाशी धावत गेली. चंद्रभागा काय बघत असेल ते थोडं थोडं कळायला लागलं आहे, निदान मला तसं वाटतं. तिला हे सांगता आलं असतं तर.

पवन्याला तुरे फुटू लागलेत. प्रतिभा म्हणते दसऱ्यापर्यंत बी पिकेल. ती पुढच्या रविवारी नाही, पितृपक्ष संपला की येणार आहे. बी आपण दोघं मिळून झाडून सगळ्या माळावर पसरवू म्हणाली. पहिल्यांदाच "आईचा माळ" असं म्हणाली माझ्यासमोर.

१६ सप्टेंबर २००६

गाजरगवताने खालच्या अंगाला पुन्हा डोकं वर काढलंय. फुलावर यायच्या आत काढलं पाहिजे. सकाळी माळावर जाऊन चांगुणाच्या टोळीला कामाला लावलं. खोकल्याने जीव हैराण, त्यात तिथे उभं राहायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. म्हणून फाटकातूनच चांगुणाला बजावलं: सगळं गवत काढा, मुळासकट, एक काडी ठेवू नका. "चंद्राआक्काचा माळ हाय दाजी, सांगायला लागतंय व्हय," म्हणाली. उद्याही काम चालेल.

दुपारच्या बसने नाशिकला परत. औषध घेऊन झोपलो. बऱ्याच दिवसांनी खोकल्याशिवाय झोप लागली.

१८ सप्टेंबर २००६

आज गेलो. फाटकातूनच माळ वेगळा दिसला, खूप मोठा. खालपासून वरपर्यंत स्वच्छ, तांबडा, एक काडी नाही. वरच्या कोपऱ्यातही नाही.

बायका बांधाच्या सावलीत भाकरी खात होत्या. चांगुणा तोंड पुसत लगबगीने आली. म्हणाली, "बघा दाजी, आरशावानी करून दिला. वरल्या कोपऱ्यात तर लय माजलं व्हतं, मुळं हातभर खोल गेली व्हती. दोघी-दोघींनी धरून उपटलं. पोरीच्या दोऱ्या व्हत्या, त्या गुंडाळून ठिवल्यात." आणि दोऱ्यांची नीट गुंडाळी माझ्या हातात दिली.

मी वर गेलो. ठोंब ओळीने पडले होते. चांगल्या खुरपणाऱ्या बायका गवत नुसतं उपटत नाहीत. माती झटकून टाकतात आणि मुळं वर, शेंडे खाली असं पालथं घालतात, म्हणजे पाऊस आला तरी पुन्हा धरत नाही. कालचं आणि आजचं ऊन मुळांवर पडलं होतं. पवन्याचे तुरे मातीत होते, बोटाने चोळून पाहिले, दाणा अजून हिरवा, दुधाचा. त्यातले बरे वाटले ते मी हाताने पुन्हा रोवले, बाटलीतलं पाणी घातलं. रोवतानाच पात्यांचा चुरा होत होता.

शिवी द्यायला तोंड उघडलं होतं. पण गाजरगवत म्हणायला हवं होतं तिथे मी गवत म्हणालो. मळ्यातल्या बाईला गवत काढ म्हटल्यावर ती दुसरं काय काढणार? तिच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं आणि वर ओळी सरळ आल्या का ते पाहिलं असतं.

गोटीराम टोमॅटोतून बघत होता. हात वर केला त्याने, मग तो हात तसाच खाली घेतला. त्याला कळलं असावं.

निघताना बायकांना चहा पाजला. माझं तोंड पाहून चांगुणाला वाटलं काम पसंत पडलं नाही. माझी समजूत काढायला म्हणाली, "दाजी, जिवाला लावून घिऊ नका. गवत लय चिवट, लगीच काय मरत नाय. पर परत आलंच तर आमी हायेत ना. नुसता निरोप धाडा."

मी बरं म्हटलं.